इस्लामी संस्कृती आणि मुस्लिम समाज: विद्यापीठाच्या जाहीर कार्यक्रमांविषयी नागपूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

व्याख्याने, चर्चा, शिलालेख वाचण्याच्या कार्यशाळा आणि विदर्भातल्या जुन्या वास्तूंच्या सहली असे हे कार्यक्रम आहेत आणि ते सर्वांसाठी खुले आहेत. सभागृहाच्या दारात, फोनवर आणि व्याख्यानानंतर चहा पिताना लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. या कार्यक्रमांची आखणी मी करते, त्यामुळे काही उत्तरांत माझे मतही आले आहे.

या कार्यक्रमांत नेमके काय असते?

कुराण कसे संकलित झाले, सुफी परंपरा दख्खनेत कशी रुजली, मशिदीची कमान आणि घुमट कसे पेलले जातात, कव्वालीची बैठक कशी बांधतात, मुस्लिम महिलांच्या वारसाहक्काचा कायदा काय सांगतो, हातमाग बंद पडल्यावर विणकरांच्या घरांचे काय झाले, असे विषय असतात. काही धर्मविचाराचे, काही इतिहासाचे, पण बरेचसे माणसांच्या रोजच्या जगण्याचे. बोलणारे बहुतेक प्राध्यापक आणि संशोधक असतात. विषयाची गरज असेल तिथे वकील, कारागीर, गायक, शाळेतल्या शिक्षिकाही बोलतात, आणि अनेकदा त्यांचेच बोलणे लोकांच्या जास्त लक्षात राहते.

हा धर्मप्रचार आहे का?

नाही. इथे कुणाला कोणत्याही धर्माकडे बोलावले जात नाही आणि कुणाच्या श्रद्धेची परीक्षाही घेतली जात नाही. वक्ता कोणत्या धर्माचा आहे हे आम्ही पाहत नाही. त्याने विषयाचा अभ्यास किती केला आहे आणि आपल्या म्हणण्याला पुरावा काय देतो, हे पाहतो.

नागपुरात हा विषय कशाला? त्यासाठी हैदराबाद किंवा लखनौ आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे शहर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, 1702 मध्ये. राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या जोडून त्याने नागपूर उभे केले. गादीच्या भांडणात त्याने औरंगजेबाची मदत घेतली, इस्लाम स्वीकारला आणि राज्य मिळवले. पुढे मोगल दख्खनेत अडकले तेव्हा तो त्यांच्याच विरुद्ध उठला. चिडलेल्या बादशहाने त्याचे ‘बख्त बुलंद’, म्हणजे ‘उंच नशिबाचा’, हे नाव काढून घेऊन त्याला ‘खालच्या नशिबाचा’ म्हणावे असा हुकूम केला, असे जुन्या नोंदी सांगतात. नागपूरने तो हुकूम मनावर घेतला नाही. आजही आपण त्याला बख्त बुलंदच म्हणतो. शेतकरी, कारागीर, हिंदू, मुसलमान, जो येईल त्याला त्याने आपल्या मुलखात जागा दिली. त्याचा वारस चांद सुलतान याने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आपला शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. महाल भागातल्या गांधी गेटचे जुने नाव जुम्मा दरवाजा. चांद सुलतानानंतर वारसाचा तंटा झाला, तेव्हा त्याची राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावले आणि नागपुरात मराठ्यांचे राज्य आले. रघुजींनी गोंड राजाची गादी मानाने ठेवली. राजघराण्याने इस्लाम पाळला, पण गोंड समाजाशी असलेले नाते तोडले नाही.

आता सांगा, या घराण्याला ‘बाहेरचे’ कसे म्हणायचे? गोंडांचा इतिहास, मुसलमानांचा इतिहास आणि मराठ्यांचा इतिहास नागपुरात वेगवेगळा लिहिताच येत नाही. आमची पहिली सहल नेहमी महालातच असते, ती याचसाठी.

वऱ्हाडात गेलात तर आणखी जुना काळ दिसतो. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. 1490 च्या सुमारास बहमनी राज्यातून फुटून निघालेले हे राज्य 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने गिळले. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण, लहानपणी लढाईत पकडला जाऊन मुसलमान म्हणून वाढलेला, असे फरिश्ता हा फारसी बखरकार सांगतो. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेले आहे. दोन तोंडांचा हा पक्षी विजयनगरच्या शिल्पांत नेहमी दिसतो, आणि इथे तो एका मुस्लिम सुलतानाच्या किल्ल्यावर बसला आहे. त्या दरवाजाखाली उभे राहून झालेली चर्चा सभागृहातल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त रंगते, हा माझा अनुभव आहे.

मुस्लिम समाज म्हणजे शेवटी एकच समाज ना? मग ‘समाज’ अनेक कसे?

आपल्याच भागात पाहा. कामठीचे आणि मोमिनपुऱ्याचे मोमिन विणकर मुख्यतः उत्तर भारतातून आलेले, मागाच्या धंद्याभोवती वाढलेले. इतवारीतले बोहरा व्यापारी शिया, मूळ गुजरातचे, त्यांची स्वतःची धर्मगुरू-परंपरा आहे. कच्छी मेमन सुन्नी, पण तेही व्यापारी आणि घरात कच्छी बोलणारे. गावोगावचे पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, कुरेशी यांचे धंदे वेगळे, लग्नसंबंध बहुधा आपापल्यात, आणि यांतल्या अनेक जाती इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. गोंड राजघराण्याविषयी वर सांगितलेच. या सगळ्यांना एका शब्दात बसवायला गेलो की यांच्यातले कुणीच नीट दिसत नाही.

जगात पाहिले तर सर्वाधिक मुसलमान असलेला देश इंडोनेशिया आहे. जगातल्या मुसलमानांपैकी अरब साधारण पाचवा हिस्सा. मालीतल्या टिंबक्टूची हस्तलिखिते, चीनमधले हुई मुसलमान, बोस्नियातले मुसलमान, केरळात अरबी लिपीत लिहिलेली मल्याळम, हे सगळे आमच्या विषयांत येते. फक्त अरबस्तानाकडे पाहून इस्लाम समजत नाही आणि फक्त बातम्या पाहून तर मुळीच समजत नाही.

शिलालेखांच्या कार्यशाळेत काय शिकवतात? मला फारसी येत नाही.

यायलाच पाहिजे असे नाही. पण आधी एक गोष्ट, जी नागपुरात जन्म काढलेल्यांनाही सहसा माहीत नसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, देशभरातले अरबी आणि फारसी शिलालेख तपासणारी शाखा नागपुरात आहे. दिल्लीत नाही, हैदराबादेत नाही, आपल्याकडे. बंगालच्या मशिदीवरचा लेख असो की गुजरातेतल्या विहिरीवरचा, त्याचा ठसा वाचायला नागपूरलाच येत राहिला. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या जगभर मान असलेल्या अभ्यासकाने या शाखेचे प्रमुख म्हणून काम केले. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. शहराने तो संत्र्याइतकाच मिरवावा, असे मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते.

आता कार्यशाळेविषयी. दगडाचा ठसा कसा घेतात ते आधी दाखवतो. दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, मग शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. दगडावर न दिसणारे अक्षर कागदावर उठून येते. हे प्रात्यक्षिक आम्ही सरावासाठी कोरून घेतलेल्या दगडावर करतो. खऱ्या स्मारकाला परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे इथेच सांगून ठेवते.

दुसरा भाग अबजद हिशोबाचा. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला आहे: अलिफ 1, बे 2, असे करत गैन 1000 पर्यंत. त्यामुळे कवी एखादी ओळ अशी रचतो की तिच्या अक्षरांची बेरीज इमारतीचे साल देते. ट्रकवर आणि दुकानाच्या पाटीवर 786 लिहिलेले तुम्ही हजारदा पाहिले असेल. ती बिस्मिल्लाच्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज आहे. चार शब्द: 102, 66, 329 आणि 289. फळ्यावर एकेक अक्षर मांडून आम्ही ती सगळ्यांकडून करून घेतो. सातवीतल्या मुलांनाही जमते आणि बेरीज जुळली की सभागृहात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

वादाच्या विषयांवर बोलता का? औरंगजेबावर? दंगलीवर?

बोलतो. 17 मार्च 2025 रोजी महालात हिंसाचार झाला आणि शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. निमित्त औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलेल्या वादाचे होते. ज्या वस्तीतून आम्ही सहल नेतो तिथेच हे घडले. त्यानंतर ‘आता हे कार्यक्रम थांबवा’ असे सांगणारे भेटले आणि ‘आता तर हवेतच’ असे म्हणणारेही. माझे मत या दुसऱ्या गटाच्या बाजूचे आहे. तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या बादशहावरून शेजारी एकमेकांवर दगड उचलत असतील, तर त्या बादशहाविषयी कागदोपत्री काय सापडते हे शांतपणे सांगणारी एक तरी जागा शहरात असावी. त्याने पाडलेली देवळे, मुस्लिमेतरांवर लादलेला जिझिया कर, संभाजी महाराजांची हत्या हे सगळे त्या कागदांत आहे, आणि त्याच्या दरबारातले राजपूत व मराठा सरदार, त्याने काही देवळांना दिलेल्या सनदा याही आहेत. त्यातले निम्मे लपवून उरलेले निम्मे सांगणारा वक्ता आम्ही बोलावत नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

मंचावर राजकीय पक्षाचा प्रचार चालत नाही. श्रोत्याने कुणा धर्माला किंवा महापुरुषाला शिवी दिली तर माईक बंद होतो. कठीण प्रश्नाला मात्र माईक बंद होत नाही.

यायला सुरक्षित आहे का? घरचे पाठवत नाहीत.

कार्यक्रम विद्यापीठाच्या आवारात होतात, दारावर ओळखपत्र पाहतात, संध्याकाळचे कार्यक्रम लवकर संपवतो. आई-बाबांना काळजी वाटत असेल तर त्यांनाच सोबत आणा. एकदा येऊन बसले की पुढच्या वेळी तेच आठवण करून देतात.

मुस्लिम समाजातल्या चुकीच्या प्रथांवर टीका होते का, की सगळे गोड गोडच असते?

होते, आणि ती सुरुवातीला समाजाच्या आतूनच झाली हेही सांगितले जाते. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाक बंद करण्याची मागणी केली. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक अवैध ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी, त्याचा कायदा 2019 मध्ये झाला. म्हणजे सात बायका रस्त्यावर आल्या त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला. त्या कायद्यात नवऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा असावी का, यावर आजही मुस्लिम महिलांच्या संघटनांमध्येच मतभेद आहेत. आम्ही दोन्ही बाजूंच्या बायकांना बोलावतो. पुरुषांनी या विषयावर तासभर बोलावे आणि बायकांनी शेवटी दोन मिनिटे आभार मानावेत, असा कार्यक्रम आमच्याकडे होणार नाही.

टीकेइतकीच शिक्षणाची आणि रोजगाराची चर्चाही होते. मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा 2006 च्या सच्चर समितीचा अहवाल आणि महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल या चर्चांना पायाभूत असतात.

आम्ही मुस्लिम घरातले आहोत. आमच्याविषयी इतर लोक काहीतरी बोलणार आणि आम्ही ऐकत बसायचे, असे तर नाही ना?

ही शंका रास्त आहे. म्हणूनच विषय ठरवणाऱ्या बैठकीत मोमिनपुरा, कामठी, ताजबाग भागातले शिक्षक आणि विद्यार्थी बसतात. तुम्हीही बसू शकता.

आणि इतर श्रोत्यांना एक कळकळीची विनंती. शेजारी हिजाब घातलेली मुलगी बसली असेल तर ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी असू शकते, आणि केवळ आवड म्हणून आलेली असू शकते. ‘तुमच्यात असं का करतात?’ हा प्रश्न तिला विचारू नका. सगळ्या धर्माच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी तिची नाही. प्रश्न वक्त्याला विचारा, तो त्याच्यासाठीच आलेला आहे.

भाषा कोणती असते?

बहुतेक मराठी. काही व्याख्याने हिंदी-उर्दूत, थोडी इंग्रजीत. परभाषेतल्या व्याख्यानाचा मराठी गोषवारा कागदावर देतो. मराठी आणि मुसलमान हे दोन शब्द एकत्र ऐकून अजूनही काही जणांना नवल वाटते, ते मला खटकते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तो वारकरी परंपरेतच. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 पासून भरते आहे, पहिले सोलापूरला झाले.

प्रवेश शुल्क, नावनोंदणी?

व्याख्यानांना शुल्क नाही आणि नोंदणीही नाही. कार्यशाळा आणि सहलींना जागा मोजक्या असतात, म्हणून आधी नाव द्यावे लागते. सहलीत बसभाडे वाटून घेतो. सभागृहाला उतार आहे, चाकाची खुर्ची थेट आत येते.

तारखा कशा ठरवता? रमजानमध्ये कार्यक्रम असतात का?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नागपूरच्या उन्हात काही ठेवत नाही. रमजानमध्ये एखादेच व्याख्यान असते आणि ते इफ्तारच्या बरेच आधी संपते. शुक्रवारी दुपारी काही ठेवत नाही.

हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. आपल्या पंचांगासारखा अधिक मास त्यात नाही. याचे चांगले उदाहरण आपल्याच ताजुद्दीन बाबांचे आहे. कामठीत जन्मलेल्या, पागलखान्यात वर्षानुवर्षे ठेवलेल्या या फकिराला त्याच भोसले घराण्यातल्या नंतरच्या रघुजीराजांनी सक्करदऱ्याला आपल्या वाड्यात नेऊन ठेवले. बाबा वारले ते 17 ऑगस्ट 1925 रोजी, हिजरी 26 मुहर्रम 1344. इंग्रजी तारखेने शंभर वर्षे 2025 मध्ये झाली. पण शंभरावा उर्स, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, 2022 मध्येच झाला, कारण चांद्र वर्षे लवकर भरतात. 2023 मध्ये तर ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेली. मला ही गोष्ट सांगायला आवडते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही.

दर्ग्यात किंवा मशिदीत जाताना काय पाळायचे?

अंग झाकणारे साधे कपडे, डोक्यावर ओढणी, रुमाल किंवा टोपी, चपला बाहेर. काही दर्ग्यांत महिलांना मजारीच्या, म्हणजे कबरीच्या, आतल्या भागात जाऊ देत नाहीत. कुठे काय नियम आहे ते आधी सांगतो आणि त्यावर नंतर चर्चाही करतो. नमाज चालू असताना समोरून जायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. तबर्रुक, म्हणजे प्रसाद, म्हणून काही हातात दिले तर घ्या. घ्यायचे नसेल तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणा, कुणी रागावत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात गेलो की पाया पडणाऱ्यांत आणि नवस बोलणाऱ्यांत विदर्भातल्या सगळ्या जाती-धर्मांची माणसे दिसतात. तिथे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

शाळेची मुले आणता येतील का? प्रमाणपत्र मिळते का?

सातवीपासून पुढची मुले आणा, सोबत शिक्षक हवेत. कार्यशाळेला पूर्ण वेळ बसणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळते, व्याख्यानाला नाही.

व्याख्यान नंतर ऐकता येते का?

वक्त्याने परवानगी दिली तर ध्वनिमुद्रण ठेवतो. प्रश्नोत्तरांचा भाग मुद्दाम गाळतो. मोबाईलमधून कापलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरेल या भीतीने माणसे मनातले विचारत नाहीत, आणि मनातले विचारता आले नाही तर या कार्यक्रमांचा निम्मा उपयोग गेला.

घरात आजोबांच्या पेटीत जुने फारसी-उर्दू कागद आहेत. दाखवायला आणू का?

आधी कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा, शिक्का किंवा मोहर असेल तर तिचा जवळून वेगळा फोटो घ्या. जमिनीच्या सनदा, निकाहनामे, हकिमांच्या नुस्ख्यांच्या वह्या, दुकानाच्या चोपड्या, काहीही चालेल. कागद हिंदू घरातला असला तरी त्यात फारसी असू शकते, भोसल्यांच्या काळातला असेल तर शक्यता आणखी वाढते. मूळ कागद तुमच्याकडेच राहतो, आम्ही तो मागून घेत नाही. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, घडी जुनी असेल तर जोर लावून उघडू नका. सुती कापडात सैल गुंडाळून, ओल न येणाऱ्या जागी ठेवा आणि कार्यशाळेच्या दिवशी तसाच घेऊन या. वाचणारे माणूस त्या दिवशी हजर असते.